गुळव्याचे दात

मागल्या महिन्यात आमच्या आळीतला एक बागायतदार बारामतीच्या दवाखान्यातून परतला, तो घरी न जाता थेट माझ्या ओट्यावर येऊन बसला. चाळिशीचा गडी, अंगापिंडानं दांडगा, पण तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, "तात्या, हिरड्या खालपर्यंत साफ करायच्या म्हनत्यात. आत आकडं घालून. खरं सांगा, लई दुखतं का वं?"

"दुखतं," मी म्हणालो. "पण तू आत्ता मनातल्या मनात जेवढं दुखवून घेतलंयस, तेवढं न्हाय दुखत."

त्याला सगळं ऐकायचं होतं. पण मी बोलायला लागलो की गुऱ्हाळाच्या वाटेला लागतो आणि दात राहतात बाजूला, असं घरच्यांचं म्हणणं. म्हणून लिहून काढतोय. चौथीपर्यंत शाळा झाली, अक्षर कोंबडीच्या पायांचं, तेवढं सांभाळून घ्यावं. आणि गुऱ्हाळाच्या वाटेला मी लागणारच. त्याच्याशिवाय माझ्या या दुखण्यात एवढं रडण्यासारखं काय होतं, ते कुणाला कळायचं नाही.

माझा धंदा

तेहतीस-चौतीस साल असेल. मी तिशी ओलांडलेली. कोऱ्हाळ्यात नानांच्या गुऱ्हाळावर मी गुळव्या होतो, म्हणजे गूळ उतरवणारा. नाना हे मालक, कालव्याच्या पाण्यावर ऊस करणारे मोठे शेतकरी.

काहिलीत, म्हणजे पसरट मोठ्या कढईत, रस उकळायला लागला की वर काळी मळी येते. ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रस पिवळा होतो, फेस बारीक होतो, पाक दाटतो, आणि मग येते ती वेळ. काहील नेमकी कधी उतरवायची, हे ज्याला कळतं तो गुळव्या. आधी उतरवली तर ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाघळते. उशीर झाला तर गूळ करपतो, काळा पडतो. मधे जेमतेम पाच-दहा श्वासांचा अवधी असतो.

ती वेळ ओळखायला बाकीचे गुळवे पाकाची गोळी पाण्यात थंड करून काहिलीच्या कडेवर मारायचे आणि आवाज ऐकायचे. आमच्या घरची रीत निराळी. माझे वडील आबा, तेही गुळवेच. त्यांनी मला गोळी पुढच्या चार दातांत धरायला शिकवलं. दोन वरचे, दोन खालचे. गोळी दाताला चिकटून ओढली गेली तर अजून कच्चा. कचकन तुटली तर वेळ गेली. दातानं तुटावी आणि दात कोरडा राहावा, त्या क्षणाला ओरडायचं, "उतरवा." सहा माणसं काहिलीला हात घालायची. या खुणेवर आमच्या घरानं दोन पिढ्या भाकरी खाल्ली.

काय दिवस होते ते. पहाटेपासून पोरंटोरं, पाव्हणेरावळे, वाटसरू, ज्याला त्याला रस. वास असा की गुऱ्हाळासमोरच्या चिंचेखालून जाणारा माणूस आपसूक आत वळायचा. कुणी भांडं घेऊन काकवी न्यायला यायचं, कुणी भाकरी घेऊन, तिच्यावर ताजा गूळ लावून घ्यायला. फुकट मागायला लाज नव्हती आणि द्यायला कुणी मोजत नव्हतं. आता उसाचे ट्रक कारखान्याला जातात. बरं झालं म्हणतात लोक, झालंही असेल. पण तो वास गेला तो गेलाच.

दोन लवंगा

दुखणं आलं ते चोरपावलांनी. भाकरीचा तुकडा तोडला की त्याला लाल डाग. बाभळीची काडी चावली की थुंकी लाल. मी मिश्री लावायला लागलो. आमच्याकडं बायका लावतातच. तव्यावर तंबाखू जाळून कुटलेली ती काळी भुकटी हिरड्यांवर घासली की घटकाभर बधिर होतं, आणि रक्तही काळ्यात दिसत नाही. दिसत नाही म्हणजे थांबलं, असं मी धरून चाललो.

माझी बायको हौसा. लोणी देवकरची, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. ती रोज सकाळी मी निघताना माझ्या हातावर दोन लवंगा ठेवायची. वर्षभर मला वाटलं, बायकोची माया. पुढं डॉक्टरांनी माझ्या तोंडाला वास येतो म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी येऊन विचारलं, तर म्हणाली, "मग काय तोंडावर सांगू व्हय, की तुमच्या जवळ बसवत न्हाय म्हनून? लवंगा सोप्या." ती मायाच होती, म्हणायला हरकत नाही.

आबांच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता. ते म्हणायचे, "आपल्या घराण्यात चाळिशीला दात जात्यात. माझ्या बाचं गेलं, माजं गेलं. तुजं जरा आधी चाललंत." पाऊस-पाण्याबद्दल बोलावं तसं बोलायचे.

पण त्या हंगामात माझ्या गुळाच्या ढेपा बसेनात. पुढचे दात हलत होते, हिरडी सुजलेली. दातात गोळी धरली की ती चिकटतेय का दातच पुढं येतोय, काही कळायचं नाही. अंदाजानं ओरडायचो. दोष जाळ घालणाऱ्यावर टाकायचो. तो बिचारा गरीब, ऐकून घ्यायचा. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चैत्रात गुऱ्हाळ बंद करताना नानांनी मला बाजूला घेतलं. "सदाशिव, तुझ्या बाचा गूळ पुण्याच्या अडतीवर नावानं जायचा. औंदाच्या ढेपा हातात घ्यवंना झाल्यात. दिवाळीनंतर पैल्या काहिलीचं आधण तुझं. जमलं तर हंगाम तुझा. न्हाय जमलं तर मी कोल्हापूरकडचा गुळव्या आणतो. राग मानू नको."

राग कसला मानायचा. खरंच बोलत होते.

इंदापूर

वैशाखात हौसाच्या माहेरी लग्न होतं. तिथं मी भात न चावता गिळताना तिच्या भावानं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला इंदापूरला दवाखान्यात नेलं. त्या काळी दाताला वेगळा डॉक्टर असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. दात म्हणजे न्हाव्याचं नाहीतर वैदूचं काम.

दवाखान्यातले डॉक्टर सगळ्याच रोगांचे. त्यांनी ओठ वर केला, अंगठ्यानं हिरडी दाबली आणि कापसाचा बोळा टेकवून माझ्यासमोर धरला. त्यावर पू होता. पिवळा, माझ्याच तोंडातला. मला शिसारी आली. हाच पू मी रोज घासाबरोबर गिळत होतो.

"पायोरिया," ते म्हणाले. "सगळे दात काढून टाका. नाहीतर हा पू अंगात भिनेल, सांधे धरतील. पुण्याला कवळी मिळते."

पुढं ते बरंच बोलले. मला फक्त 'सगळे' एवढंच ऐकू आलं. कवळीला पाकाची गोळी काय कळणार? माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी, कारण आम्ही उठताना ते म्हणाले, "बारामतीला पुण्याचे एक दातांचे डॉक्टर दर पंधरवड्याला येतात. ते हिरड्या आतून साफ करतात म्हणे. पटत असेल तर दाखवा त्यांना."

बैलगाडीत मी सबंध वाटेत जिभेनं दात मोजत होतो. दर वेळी सत्तावीसच भरायचे. हौसा एकदाच म्हणाली, "मोजून वाडणार हाईत का?"

तुम्हाला वाटेल दुसऱ्या दिवशीच मी बारामती गाठली. कसली गाठतोय. आषाढ सरेपर्यंत तुरटी झाली, बाभळीची साल झाली, हळद-मीठ झालं. एका वैदिणीनं माझ्या गालाला नळी लावून दातातला किडाही काढून दाखवला. तो किडा आधीपासून तिच्या बोटांच्या बेचक्यात होता, हे हौसानं बघितलं आणि तिला अशी धुतली की ती नळी टाकून पळाली. भ्यालेला माणूस डॉक्टर सोडून सगळीकडं जातो, एवढं या तीन महिन्यांतून शिकलो.

खिडकीजवळची खुर्ची

श्रावणात हौसानंच मला सर्व्हिस मोटारीत घातलं आणि शेजारी बसली. बारामतीत स्टेशनाच्या बाजूला एका घरात पुढची खोली घेऊन ते डॉक्टर बसायचे. लाकडी खुर्ची, डोकं टेकायला मागं उशी, खुर्चीचं तोंड खिडकीकडं. उजेड असेल तेवढाच वेळ काम. शेजारी तबकात आकड्यांसारखी हत्यारं पाण्यात उकळून मांडलेली. ती बघून मी बसायच्या आधी दार कुठं आहे ते बघून ठेवलं.

डॉक्टर उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी एकेक दात हलवून पाहिला आणि एका कागदावर टिपलं. मग मला विचारलं, "काम काय करता?"

मी सांगितलं. दातांनी काय करतो, तेही सांगितलं. त्यांनी आकडी खाली ठेवली आणि ऐकत राहिले. मग म्हणाले, "असं बघा गुळवे. रसावरची मळी काढली नाही तर काय होतं?"

"गूळ नासतो."

"तुमच्या दातांवर वर्षानुवर्षं मळी बसलीय. तिचा दगड झालाय. वरचा दिसतो, पण खरा आहे तो हिरडीच्या आत, मुळाला चिकटलेला. तो आहे तोवर हिरडी बरी होणार नाही. मी तो खरवडून काढणार. चार खेपा लागतील, एका वेळी पाव तोंड. सगळे वाचतील असं सांगत नाही. पण आधी वाचवून बघू, काढायला काय, कधीही काढता येतात."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्या माणसाला जन्मभर दुवा दिला.

आता दुखण्याचं. हिरडीवर औषधाचा बोळा दाबून ते ती बधिर करायचे. पण बधिर वरचं, आतलं नाही. आकडी हिरडीखाली जाते आणि दाताच्या मुळावर खरवडते, तेव्हा दुखण्यापेक्षा तो आवाज वाईट. डोक्याच्या आत कुणी तवा खरडतंय असं वाटतं. मी खुर्चीचे हात धरून बसलो. मधे मधे ते थांबायचे, लाल औषधाच्या पाण्यानं चूळ भरायला लावायचे. भांड्यात रक्त, आणि रक्तात काळे कण. एक कण त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. ज्वारीच्या कणीएवढा, खडकासारखा. "हा तुमचा शत्रू," म्हणाले.

निघताना ताकीद दिली. मिश्री बंद. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. बोटानं हिरडी हळूहळू चोळायची. आणि खेपा संपेपर्यंत गरम, चिकट, कडक काहीही पुढच्या दातांना लावायचं नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. माणूस ओळखला होता त्यांनी.

आबांचं म्हणणं

घरी आलो तर दात आणखी हलायला लागले. मधे फटी पडल्या, जीभ आरपार जायची. गार पाणी लागलं की कळ मस्तकात. आबांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आरं, त्या दगडानंच दात धरलं हुतं. भिताडाला टेकू दिलेला कुणी काढतं व्हय? आता बघ पडतंय का न्हाय ते."

हा आमच्या गावचा जुना समज. कीटण, म्हणजे तो दगड, दात धरून ठेवतं. मला तो खराच वाटत होता, कारण दात खरंच हलत होते. सूज उतरली की दात उघडे पडतात, मग हळूहळू हिरडी आवळते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा शब्द कानाशी असतो आणि डॉक्टर असतो मोटारीच्या वाटेवर.

तरी दुसऱ्या खेपेला गेलो. त्या वेळी पुढचे वरचे-खालचे दात झाले. येताना हौसा म्हणाली, "तोंडाचा वास कमी झालाय." मी म्हणालो, "म्हणजे लवंगा वाचल्या." दोघं हसलो. किती तरी महिन्यांनी हसलो असू.

माझी चूक

आता जे लिहितोय ते लिहायला आजही लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला जेमतेम आठ दिवस झाले होते. नानांनी जुनी काहील डागडुजी करून आणली होती, ती गळते का बघायला थोडा ऊस तोडून अर्धं आधण चढवलं. मला बोलावलं नव्हतं. वासावर गेलो. वाऱ्यावर तो वास आला आणि पाय घरात राहीनात.

काहिलीभोवती आठ-दहा जण. एक पोरगेला गुळव्या कडेवर गोळी मारून आवाज ऐकत होता. मला ते बघवेना. वाटलं, नानांच्या देखत एकदा दाखवावं, की सदाशिवचा दात अजून शाबूत आहे. मनात तेवढंच होतं. पाण्यात हात बुडवला, पाक घेतला, गोळी केली, नीट थंडही केली नाही, आणि पुढच्या दातांत धरली.

कळ अशी आली की डोळ्यांपुढं अंधार. हिरडी कच्ची, वर गरम पाक. मी गोळी ओढून काढली. ती हातात आली आणि तिच्यात माझा खालचा पुढचा दात रुतलेला. गुळात खोबऱ्याचा तुकडा दिसावा तसा पांढरा. तोंडातून रक्ताची धार.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नाना पुढं आले, माझ्या हातातली गोळी बघितली आणि खाली मान घालून परत फिरले. ती पाठ बघून मला कळलं, की आपलं संपलं.

घरी आबा म्हणाले, "म्या सांगितलं हुतं." दुसरं काय म्हणणार. मी ठरवून टाकलं, बारामतीला परत जायचं नाही. डॉक्टरचा राग आला, ज्यानं टेकू काढला त्याचा. कच्च्या हिरडीला गरम पाक आपणच लावला, हे मन कबूलच करत नव्हतं. दोन दिवस मी भिंतीकडं तोंड करून पडलो आणि मिश्रीची डबी उशाला घेतली.

हौसानं ती डबी उचलली. म्हणाली, "अर्ध्या तोंडाची मळी काढलीया, अर्ध्याची ऱ्हायलीया. अशी काहील कुणी सोडतं व्हय? दात त्या डाक्टरनं न्हाय पाडला. तुमच्या हौसेनं पाडला. उटा, मोटार चुकंल."

आबा म्हणाले, "हौसे, आणिक एक पडला तर?"

"पडला तर पडला, मामंजी. पर तुमच्यावानी नुसतं बघत बसून न्हाय पडायचा."

सासऱ्याला सून असं बोलत नसे त्या काळी. आबांनी खुंटीवरचं माझं पागोटं काढून माझ्यापुढं टाकलं. मग म्हणाले, "जा. मोटारीत म्होरं बस, धक्कं कमी बसत्यात."

उरलेल्या दोन खेपा

डॉक्टर चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी खाच बघितली, विचारलं, "गोळी?" मी मान हलवली. "गोड होती तरी का?" एवढंच म्हणाले आणि आकडी उचलली. पुढचे तीन राहिलेत ते तीन जपा, म्हणाले. शेजारच्या दातांना त्यांनी बारीक तारेनं एकमेकांशी बांधलं, आधार म्हणून.

तिसरी खेप दाढांची, सगळ्यांत अवघड. जबडा ताटकळतो, ओठ फाटतात, आणि डॉक्टरचे हात दुखतात म्हणून तेही मधे खिडकीशी उभं राहून बोटं झाडायचे. मला ते बघून बरं वाटलं. आपण एकटे कष्ट करत नाही, दुसऱ्या बाजूलाही कुणी घाम गाळतोय. हौसा बाहेर ओसरीवरच्या बाकावर बसायची. तोंडावर पदर धरून, आतला आवाज ऐकत. मी बाहेर आलो की पितळी तांब्यातलं मीठपाणी पुढं करायची. घरून निघताना उकळून आणलेलं, तोवर कोमट झालेलं.

त्या महिना-दीड महिन्यात घरात दूधभाकरी, मऊ भात, घट्ट आमटी एवढंच शिजलं. मला एकट्याला मऊ वाढलं तर मी ताटावरून उठायचो, म्हणून ती स्वतःही तेच खायची. आबा खुशीत होते. म्हणायचे, "एवढ्या वर्सांत पैल्यांदा घर माझ्या पंगतीला बसलं."

एका सकाळी काडी चावली आणि थुंकी पांढरी आली. मी ती हौसाला हाक मारून दाखवली. थुंकी दाखवायला बायकोला हाक मारणारा जगात मी एकटाच असेन. ती बघून हात जोडून उभी राहिली.

हिरड्या आवळल्या. दात पूर्वीसारखे घट्ट कधीच झाले नाहीत, फटीही राहिल्या. पण हलायचे थांबले. आश्विनात शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी तार काढली.

पहिलं आधण

दिवाळी झाली. नानांनी शब्द पाळला, मला बोलावलं. पण कोल्हापूरकडचा गुळव्याही बसवून ठेवला होता, खांबाला टेकून, विडी ओढत. आबाही आले होते, किती तरी वर्षांनी.

मी मळी काढली. पाक दाटला. पहिली गोळी केली, या वेळी नीट थंड केली, आणि तीन दातांत धरली. चिकटली. थांबलो. दुसरी. थोडी कमी चिकटली. कोल्हापूरचा पुटपुटला, "झालंय की." मी नाही म्हणून हात केला. आणि तेव्हा मला जे कळलं, ते मी कधी विसरलो नाही. मला सगळं कळत होतं. दातावर दगड नव्हता, हिरडीत पू नव्हता, गोळी दाताला कशी भिडतेय हे थेट मुळाला जाणवत होतं. दोन वर्षं मी जाड गोधडीवरून चाचपत होतो.

तिसरी गोळी तुटली. दात कोरडा.

"उतरवा."

दुसऱ्या दिवशी नानांनी ढेप फोडली. आत पिवळाधमक, रवाळ. त्यांनी एक तुकडा आधी आबांच्या हातावर ठेवला. आबांनी तो तोंडात नुसता विरघळू दिला, डोळे मिटून, बराच वेळ. "माझ्या बाचा गूळ हाय ह्यो," म्हणाले. कोल्हापूरच्या गड्यानं पाहुणचार घेतला, मला रामराम केला आणि गेला. पुढं वीस-बावीस हंगाम त्या काहिलीवर मीच ओरडलो.

एक राहिलेली गोष्ट

वर मी शेवटच्या खेपेबद्दल एकच ओळ लिहिली. मुद्दाम. आता सांगून टाकतो, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

माझ्या तोंडात आजही एकवीस दात आहेत. लोक मला नशीबवान म्हणतात. हौसाच्या तोंडात पंचेचाळिशीला एकही नव्हता. तिच्याही हिरड्यांतून रक्त यायचं, माझ्याही आधीपासून. मिश्रीच्या काळ्यात ते दिसायचं नाही. मला मिश्री सोडायला लावली तिनंच, स्वतःची तिनं सोडली नाही. एकेक दात हलायला लागला की दोरा बांधून ती स्वतःच ओढून काढायची आणि चुलीपुढं बसायची. उसाच्या गावात राहून शेवटची पंचवीस वर्षं तिनं उसाची कांडी दाताखाली धरली नाही. मी सोलून, चावून तिच्यासाठी रस काढू का म्हणायचो, तर हसून मान फिरवायची.

त्या शेवटच्या खेपेला डॉक्टर मला सोडायला ओसरीपर्यंत आले होते. हौसा काहीतरी बोलली, पदर जरा ढळला, आणि त्यांनी तिचे दात पाहिले. मला म्हणाले, "गुळवे, यांचंही बघायला हवं. तुमच्याइतकंच आहे. पुढच्या खेपेला यांना खुर्चीत बसवू." मी व्हय म्हणालो.

मोटारीत मी तिला विचारलं, "यायचं का मग पंधरा दिवसांनी?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "कशाला? तुमच्या दातांवर घर चालतं. माझ्या दातांनी काय, नुसती भाकरी खायची."

मी मान डोलावली. मला ते अगदी बरोबर वाटलं.